फाट्यावरची डहाळी

चिखल्याच्या खाणीत माझं काम माणसं मोजण्याचं. पाळीच्या सुरुवातीला जितकी माणसं जमिनीखाली उतरली तितकीच पाळी संपल्यावर वर आली पाहिजेत. उतरताना प्रत्येकाला पितळी बिल्ला द्यायचा, वर आल्यावर परत घ्यायचा. एक बिल्ला कमी भरला तर मी जागेवरून उठत नाही. या कामाने अंगात एक सवय मुरते. समोरचा सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि मोजायचं मात्र स्वतः. खाणीत ही सवय चांगली आहे. खाणीबाहेर तिने एकदा काय केलं ते इथे लिहितो, कारण आमच्या घरी दर हिवाळ्यात ही गोष्ट निघते आणि दर वेळी तिच्यातले आकडे बदललेले असतात.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो दुसरा हिवाळा. माझं वय तेव्हा एक्केचाळीस. बायकोचं माहेर डोंगरापलीकडे. तिच्या भावाच्या गावची मंडई होती. धान कापून पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, लागले की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडारीचा खेळ किंवा नाटक, आणि प्रत्येक घरात पाहुणे. मंडईला बोलावलेला जावई गेला नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. माझे वडील सिहोऱ्याकडच्या आमच्या गावाहून त्या आठवड्यात आमच्याकडे आले होते. त्यांनाही यायचं होतं. वय अडुसष्ट, दम्याचा त्रास, आणि थंडीत तो वाढणारा.

बसने जायचं तर दोन बस बदलून दिवस जातो, आणि शेवटी सात किलोमीटर चालायचंच. डोंगरातून पाऊलवाटेने दहा-अकरा किलोमीटर. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचतो. मेव्हण्याने पत्रात लिहिलं होतं, "वाटेत सोबतीला कोणाले तरी पाठवतो." कोणाला, ते लिहिलं नव्हतं. मला ते तेव्हाच खटकलं.

मी तयारी आठ दिवस आधी सुरू केली. दोन घोंगड्या, एक जाड चादर, तीन सेलची बॅटरी, मेणकागदात गुंडाळलेल्या दोन आगपेट्या, अर्धा किलो गूळ, चिवडा, पाण्याचा झाकणाचा डबा, आयोडीन आणि पट्टी, पंधरा हात दोरी, वडिलांच्या गोळ्या. मेव्हण्याच्या घरचे कपडे वेगळे. सगळं दोन गाठोड्यांत बसवून खाणीच्या काट्यावर तोललं. चौदा किलो भरलं. शिवाय त्या हिवाळ्यात बोलवा होती की मंडईच्या पाहुण्यांना डोंगरात अडवतात. अडवला गेलेला एकही माणूस मला भेटला नव्हता. तरी निघायच्या आधी मी बायकोला तिची पोत आणि पाटल्या काढायला लावल्या आणि एका धोतराच्या घडीत घालून त्या गाठोड्यात मधोमध बांधल्या.

"माहेरी मंडईले बोडक्या हातानं जाऊ का?" ती म्हणाली.

"गावाच्या शिवेवर घाल."

"अन् तवर गाठोडं कोण सांभाळणार?"

"मी."

सकाळी साडेसहाला दारात एक माणूस उभा होता. पंचावन्नच्या आसपासचा, काटक, डोक्याला मळका पंचा, खांद्यावर कुऱ्हाड आणि हातात रिकामी कावड. धुकं इतकं होतं की त्याच्या मागचं कुंपण दिसत नव्हतं. "जवाईबापू, चला," एवढंच म्हणाला.

मी बायकोला आत बोलावून विचारलं, "हा तुमच्या गावचा आहे?"

"तोंड ओळखीचं वाटते. खालच्या मोहल्ल्यातले काका असतीन. मी लगन होऊन आली त्याले सोळा वर्षं झाली, किती तोंडं ध्यानात ठेवू?"

मी बाहेर येऊन त्याला विचारलं, "आमच्या मेव्हण्याकडे बैल किती?"

"चार."

"पाच आहेत. मागच्या वर्षी मी स्वतः पाहिले."

"मागच्या वर्षी असतीन बाप्पा. मी आत्ताचं सांगून राहिलो." आणि तो हसला. वडीलही हसले. मी हसलो नाही. पाच म्हणजे पाच.

त्याने दोन्ही गाठोडी कावडीला अडकवली, एकदा उचलून पाहिली आणि विचारलं, "यात काय हाय? एक बाजू जड लागते."

ओझं नेणारा माणूस हे विचारणारच, आज मला कळतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की जड लागणारी बाजू पोत-पाटल्यांची होती.

"कपडे," मी म्हणालो.

डोंगराच्या पायथ्याशी लाखोरी डाळीच्या शेतात राखणीची झोपडी आहे. तिथे पोचायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. राखणदाराने शेकोटी केली होती. वडील तिच्यापाशी बसले ते उठेनात. धुक्याने त्यांची छाती वाजायला लागली होती.

"ऊन पडल्याबिगर मी डोंगर चढत नाही," ते म्हणाले.

"बाबा, ऊन पडायला साडेआठ होतील. मग दुपारच्या आत पोचायचं गणित जुळत नाही."

"तुझं गणित तुझ्यापाशी ठेव. माझी छाती माझ्यापाशी हाय."

तो माणूस म्हणाला, "बुढा बरोबर म्हणते. असं करू. वझं घेऊन मी सावकाश म्होरं निघतो. वर खिंडीत बोडी हाय, तिथं थांबतो, आग करून ठेवतो. तुमी तिघं उन्हात या. बोडीवर भेट."

बोडी म्हणजे लहान तळं. आता यात वावगं काही नव्हतं. चौदा किलो घेऊन चढणारा माणूस मोकळ्या माणसांपेक्षा हळू जाणार, म्हणून तो आधी निघणार. पण मी ते असं ऐकलं की ओझं घेऊन हा एकटाच पुढे जातो म्हणतो आहे. सोनं त्याच्या कावडीत, आणि भेटायची जागा त्याने ठरवलेली, मी न पाहिलेली.

"मी तुमच्यासोबत येतो," मी म्हणालो. "हे दोघं मागून येतील."

"तुमी बुढ्याजवळ राहा नं. वाट—"

"मी येतो."

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो तेव्हा तो बायकोजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलला. तिने मान हलवली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. सांभाळून ये, पोरी, म्हणाले."

"एवढंच? एवढ्याला इतका वेळ लागत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले माझ्याही बोलण्याची हजेरी पायजे का?" आणि ती शेकोटीकडे वळली.

तिने मला खरं पूर्ण सांगितलं नव्हतं. माझा राग आला म्हणून सांगितलं नाही, असं ती नंतर म्हणाली. मी तरी दुसरं काय केलं होतं? घोंगड्या, आगपेट्या, गूळ, वडिलांच्या गोळ्या, सगळं कावडीत होतं. आठ दिवस मी ज्यांच्यासाठी तयारी केली ती माणसं रिकाम्या हाताने मागे राहिली आणि मी तयारीबरोबर पुढे गेलो. हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. ध्यान कावडीवर होतं.

आम्ही निघालो तेव्हा घड्याळात सात वाजून पन्नास मिनिटं झाली होती. चढावर माझी चौदाशे पावलं म्हणजे एक किलोमीटर. मी मोजत चाललो. धुक्यात साग आणि ऐनाचे बुंधे तेवढे दिसत, वरचं काही नाही. पानांवरून दव टपटप पडत होतं. तो पुढे, मी चार हात मागे. त्याने बोलायचा प्रयत्न केला.

"खाणीत खाली किती खोल जाता, जवाईबापू?"

"मी जात नाही. मी वर असतो."

"बरं हाय. वर राहून मोजणं बरं."

हा टोमणा होता की नुसतं बोलणं, मला ठरवता आलं नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "घड्याळ चांगलं दिसते. किती जुनं?" यावर मी बाही खाली ओढली.

एकूण सात फाटे लागणार होते, हे मला नंतर कळलं. पहिल्या फाट्यावर मी काही पाहिलं नाही. दुसऱ्या फाट्यावर त्याने कावड टेकवली, कुऱ्हाडीने पळसाची एक हिरवी डहाळी तोडली आणि आम्ही न घेतलेल्या वाटेवर आडवी टाकली. बुंध्याकडचं टोक पायाने फिरवून नीट केलं. मग काही न बोलता कावड उचलली.

मी विचारलं, "हे काय?"

"रस्ता बंद केला," तो म्हणाला आणि चालू लागला.

कोणासाठी बंद केला, हे त्याने सांगितलं नाही. त्याला वाटलं असणार की यात सांगायचं काय. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणत्याही माणसाला ते माहीत असतं. माणसं दोन टोळ्यांनी जंगलातून जात असली की पुढची टोळी न जाण्याच्या वाटेवर ताजी डहाळी आडवी टाकते. पान हिरवं असलं म्हणजे खूण आजची. बुंध्याचं टोक ज्या बाजूला, ती खरी वाट. मागून येणारा डहाळी ओलांडत नाही. पण मी धानाच्या सपाटीवरचा माणूस. आमच्याकडे वाट म्हणजे बांध, आणि बांधावरून अर्ध्या कोसावरचा माणूस दिसतो. तिथे खुणेची गरजच पडत नाही. खाणीच्या वसाहतीत मी अकरा वर्षं राहत होतो, पण जंगलात कधी शिरलो नव्हतो.

तिसऱ्या फाट्यावर पुन्हा तेच. या वेळी डहाळी टाकताना त्याने मागे, आम्ही आलो त्या दिशेला, क्षणभर पाहिलं. हा कोणालातरी मागून बोलावतो आहे. आम्ही कोणत्या वाटेनं गेलो ते सांगत चालला आहे. वर खिंडीत, जिथे हाक मारली तरी कोणी ऐकणार नाही, तिथे ते आम्हाला गाठणार. बायको आणि वडील मागेच आहेत, त्यांना काही होईल का, हेही मनात आलं. पण त्यांच्यापाशी घेण्यासारखं काही नव्हतं. चोर ओझ्यामागे येणार, असा माझा हिशेब. परत फिरावं तर हा ओझ्यासकट धुक्यात नाहीसा होईल. म्हणून मी दुसरा उपाय केला.

"तुम्ही व्हा पुढे. मी लघवीला थांबतो," मी म्हणालो. तो वळणाआड गेला तशी मी ती डहाळी उचलून झुडपात फेकली.

चौथ्या फाट्यावर नाडी सुटल्याचं निमित्त केलं आणि तीही फेकली. तो वळणापलीकडून ओरडला, "जवाईबापू, झाडं मोजून राहिले का?"

पाचव्या फाट्यावर मला आणखी हुशारी सुचली. नुसती फेकली तर चोर अंदाजाने येतील. त्यांना चुकवायलाच हवं. डावी वाट रुंद होती आणि खाली उतरत होती, उजवी अरुंद आणि वर चढणारी. आम्ही उजवी घेतली होती. मी डाव्या वाटेवरची डहाळी उचलली आणि आमच्याच, उजव्या वाटेवर आडवी ठेवली. झोपडीपासून ते पाच हजार नऊशे दहावं पाऊल होतं. मला फार बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. सहाव्या आणि सातव्याला तो माझी वाट पाहत उभाच राहिला, त्यामुळे तिथे काही करता आलं नाही.

दहा वाजता आम्ही बोडीवर पोचलो. ऊन पडलं होतं. तिथे कोणी दबा धरून बसलेलं नव्हतं. मी बोडीला एक फेरी मारून पाहिलं. पाण्याच्या काठी सांबराचे खूर, दुसरं काही नाही. त्याने सुकी लाकडं गोळा करून आग केली आणि तिच्यावर हात शेकत बसला. मी गाठोड्यांपाशी बसलो.

अकरा वाजले. सव्वाअकरा. वडिलांचा वेग कितीही कमी धरला तरी सव्वाअकराला ते दिसायला हवे होते. साडेअकराला तो उठून खिंडीच्या तोंडाशी गेला, दोन्ही हात तोंडाशी धरून लांब हाक दिली. उत्तर आलं नाही. परत येऊन म्हणाला, "असं काहून झालं? पोरगी तं आमच्या गावची हाय. खुणा पाहून ये म्हटलं होतं तिले. समदे फाटे बंद करून आलो मी."

मला ते समजायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. तेवढंच एक मी मोजलेलं नाही.

"त्या डहाळ्या," मी म्हणालो.

"हाव. मंग?"

मी सांगितलं. तिसरी फेकली, चौथी फेकली, पाचवी उजव्या वाटेवर ठेवली. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "काहून?"

मी आगीत एक काटकी सरकवली.

"पाचव्याची डावी वाट खाली खोरीत जाते," तो म्हणाला. "तिथं नाल्याले कंबरभर पाणी नाही, पण गुडघ्याइतकं हाय, अन् बर्फासारखं. ऊन दिवसभर येत नाही. बोराच्या दिवसांत अस्वल असते, पण अस्वलाचं मी पाहतो. बुढ्याच्या छातीचं काय करता?" मग एकदम ओरडला, "उठा! घोंगड्या, आगपेटी, गूळ घ्या. बाकी इथंच झाडाले टांगतो."

मी गाठोडं सोडलं. घोंगड्या, आगपेट्या, गूळ, गोळ्या, पाण्याचा डबा काढला. मग, वडील त्या खोरीत आहेत हे माहीत असताना, मी धोतराची घडी उलगडायला बसलो. गाठ पक्की मारली होती. ती सुटायला दोन मिनिटं तरी लागली. पोत आणि पाटल्या काढून मी आतल्या खिशात घातल्या. मान वर केली तर तो कुऱ्हाड हातात घेऊन उभा होता आणि माझ्या खिशाकडे पाहत होता.

"म्हून का," तो म्हणाला.

आणि तो उतरणीला लागला.

पाचव्या फाट्यापर्यंत आम्ही पंचवीस मिनिटांत उतरलो. माझी डहाळी तिथेच होती, उजव्या वाटेवर. डाव्या वाटेच्या ओल्या मातीत बायकोच्या चपलांचे ठसे आणि त्यांच्याशेजारी वडिलांच्या काठीची भोकं. सुरुवातीला भोकं हातभर अंतरावर होती. खाली खाली जवळ येत गेली, आणि नाल्याच्या अलीकडे तर इतकी जवळ की माणूस काठीवर टेकून टेकून उभा राहत असणार. मला दिसत होतं ते त्यालाही दिसत होतं.

नाल्यापलीकडे ठसे बांबूच्या बेटात हरवले. त्याने हाक दिली. आम्ही थांबलो. पुन्हा हाक दिली. मग फार बारीक, डावीकडून, खोकला ऐकू आला. वडिलांचा खोकला मी हजारात ओळखतो. लहानपणापासून हिवाळाभर तोच ऐकत मोठा झालो. पण हा तसा नव्हता. खोकल्यानंतर श्वास आत घेतल्याचा आवाजच येत नव्हता.

ते एका ऐनाच्या बुंध्याला टेकून बसले होते. धोतर मांडीपर्यंत भिजलेलं. बायकोने तिची शाल त्यांच्या पायांना गुंडाळली होती आणि ती स्वतः नुसत्या लुगड्यात, दात वाजत, त्यांची छाती चोळत होती. वडिलांचे ओठ निळे. मला पाहून ते काही बोलले नाहीत, बोलता येतच नव्हतं. मी गोळी दिली, ती गिळायलाही त्यांना वेळ लागला. वाट दाखवणाऱ्या त्या काकाने तेवढ्यात वाळक्या बांबूची आग केली. ओलं धोतर काढून त्यांना दोन्ही घोंगड्यांत गुंडाळलं, डब्यात पाणी तापवून गूळ विरघळवला, डोक्याचा पंचा काढून आगीवर धरला आणि छाती शेकत राहिला. पंचा गार झाला की मी दुसरा, माझा, गरम करून द्यायचो. असं आम्ही तास-सव्वा तास केलं.

मग वडिलांना शब्द फुटला. "किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"दोन पन्नास."

"दुपारच्या जेवनाचं गणित चुकलं मंग," ते म्हणाले. त्यांना परत खोकला आला, पण या वेळी श्वास आत गेल्याचा आवाज झाला. बायको पदराने तोंड झाकून रडायला लागली.

नंतर तिने सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या फाट्यावर खूण नव्हती, तिथे जास्त तुडवलेली दिसली ती वाट त्यांनी धरली आणि ती बरोबर निघाली. पाचव्यावर डहाळी दिसली तेव्हा तिला बरं वाटलं, मग शंका आली. बुंध्याचं टोक उलट्या बाजूला होतं. ती म्हणाली, "मामाजी, मले हे बरोबर दिसत नाही." वडिलांनी तिला दटावलं होतं, "पुढच्यानं बंद केलेली वाट ओलांडू नये. एवढं मलाही ठाऊक हाय." म्हणजे सपाटीवर राहून त्यांना ते माहीत होतं. मला नव्हतं.

वर येताना वडिलांना आम्ही पाळीपाळीने पाठीवर घेतलं. मी दोनशे पावलं नेत असे, तो पाचशे. गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मंडईचा बाजार उठत होता, नाटकाच्या मांडवात पेट्रोमॅक्स पेटले होते. वडिलांना चुलीजवळ निजवलं. अंगणात पाहुणे जमले आणि मेव्हण्याने काकाला धारेवर धरलं.

"काका, तुमी बी चुकता का आता? तुमच्या भरवशावर पाठवलं होतं मी. बुढा गेला असता म्हणजे?"

"वय झालं काकाचं," एक म्हातारा म्हणाला. "आता वाट दाखवाले दुसरा पाहा."

"डोळे गेले असतीन," दुसरा म्हणाला आणि लोक हसले.

काका ओसरीच्या खांबाला टेकून बिडी ओढत होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता आणि बोलतही नव्हता. मला त्यातही संशय आला. हा का गप्प बसतो? नंतर माझ्याकडून काही उकळणार आहे का? इतकं सगळं झाल्यावर, वडील आत कण्हत असताना, मला हे सुचलं. तो विचार मनात आला आणि मला स्वतःची किळस आली. मी उठून उभा राहिलो.

"काकानं खुणा बरोबर टाकल्या होत्या," मी म्हणालो. "त्या मी हलवल्या. मला वाटलं हे चोरांना वाट दाखवत आहेत."

मग मेव्हण्याची सासू आतून म्हणाली, "चोर? काका?" आणि तिच्या आवाजात असं काही होतं की मी शिवी ऐकली असती तर बरं झालं असतं. मेव्हणा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "जवाईबापू, तुमी तं जंगलाचीबी हजेरी मांडली," पण कोणी हसलं नाही. काकाने बिडी विझवली, "नाटक सुरू होत असन," म्हणाला आणि निघून गेला.

गोठ्यात बैल चारच होते. पाचवा पावसाळ्यात साप चावून मेला होता.

वडिलांना तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी ते उठून बसले, पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, "आता घरी चला." मी बसने जायचं म्हणालो. ते म्हणाले, बसचे धक्के त्यांच्या छातीला सोसणार नाहीत, डोंगर उन्हात हळूहळू उतरता येईल, आणि काका सोबत असेल तर त्यांना भीती नाही. मेव्हण्याने काकाकडे निरोप धाडला. काका येतो म्हणाला, पण एक अट घातली, आणि ती मेव्हण्याने मला सांगताना जमिनीकडे पाहून सांगितली: जावई सगळ्यांच्या पुढे चालेल, काका सगळ्यांच्या मागे. जावई त्याच्या नजरेसमोर हवा.

मी कबूल केलं. नऊ वाजता, चांगलं ऊन पडल्यावर निघालो. या वेळी गाठोडी चार होती. प्रत्येकाच्या खांद्यावर त्याची घोंगडी, त्याची आगपेटी, त्याचा गूळ. बायकोच्या हातात पाटल्या होत्या आणि गळ्यात पोत.

मी पुढे, मग वडील, मग बायको, शेवटी काका. उलट्या बाजूने येताना मला एकही फाटा ओळखता येत नव्हता. प्रत्येक फाट्यावर मी थांबायचो. मागून आवाज यायचा, "डाव्या." पुढच्यावर, "उजव्या." याशिवाय तो माझ्याशी बोलला नाही. वडिलांशी आणि बायकोशी मात्र सबंध वाट त्याच्या गप्पा चालल्या होत्या, त्यांचं हसणं मला ऐकू येत होतं.

एका फाट्यावर मला पक्कं वाटलं की तो चुकतो आहे. उजवी वाट ओळखीची दिसत होती, तिच्यावरचं वाकडं बिब्ब्याचं झाड मी येताना पाहिलं होतं, त्याबद्दल मला शंका नव्हती. मागून आवाज आला, "डाव्या." मी थोडा वेळ उभा राहिलो. सगळे माझी वाट पाहत होते.

मी डावी घेतली.